पंचेचाळीस मिनिटांत हातही आणि पायही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई तोंडावर आली की आपल्या शहर पुरवणीत ब्युटी पार्लरांच्या पॅकेजची पानं सुरू होतात. यंदा त्यातल्या एका चौकटीत ‘मॅनिक्युअर-पेडिक्युअर कॉम्बो, फक्त ४५ मिनिटांत’ असं वाचलं. माझ्याकडे येणाऱ्या बायका त्या चौकटीचा फोटो मोबाइलवर दाखवतात आणि विचारतात, “ताई, मग तुम्हाला दोन तास कशाला लागतात?” प्रत्येकीला मी खुर्चीत बसवून उत्तर देते. पण ज्या माझ्या खुर्चीत कधीच बसणार नाहीत, त्यांनाही ते कळायला हवं, म्हणून हे पत्र.

सांगलीत विश्रामबाग भागात माझं छोटं पार्लर आहे. दोन खुर्च्या, मी आणि हाताखाली दोन मुली. पार्लरचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या पत्राची जाहिरात व्हावी अशी माझी इच्छा नाही.

आधी एक स्पष्ट करते. हात आणि पाय एकाच बैठकीत करायला माझा अजिबात विरोध नाही, उलट मी तोच सल्ला देते. माझ्याकडे तासगाव, कवठेमहांकाळकडून एसटीने येणाऱ्या बायका आहेत. द्राक्षाच्या हंगामात घडांची विरळणी करून त्यांच्या बोटांना कात्रीचे घट्टे पडलेले असतात आणि नखांच्या कडा काळवंडलेल्या असतात. मार्केट यार्डात हळदीच्या कामावर जाणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या तळहातांचा पिवळेपणा आठवडाभर सुटत नाही. या बायकांना भाचीच्या नाहीतर दिराच्या लग्नाआधी एक दुपार मिळते. आज हात करा आणि पुढच्या आठवड्यात पायांना या, असं त्यांना सांगणं म्हणजे येऊच नका म्हणण्यासारखं आहे. नोकरी करणारीचंही तेच. एकदाच घरातून निघावं, एकदाच टेकावं, दोन्ही कामं उरकून परत जावं. म्हणून माझा आग्रह फक्त वेळेचा आहे. दोन्ही नीट करायचं तर दीड तास लागतोच, आणि ती उठून गेल्यावर पुढचीला बसवण्याआधी आणखी वीस-पंचवीस मिनिटं. ही मागची मिनिटं ग्राहकाला दिसत नाहीत, आणि ४५ मिनिटांच्या कॉम्बोत सगळ्यात आधी तीच गळतात.

मी काय करते ते सविस्तर सांगते, म्हणजे वेळ कुठे जातो ते लक्षात येईल.

सुरुवात पायांपासून. आधी हातापायांचं जुनं नेलपॉलिश काढायचं आणि मग पाय पाण्यात घालण्याआधी नीट बघायचे. बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत का, कुठे चिरलंय का, नख कडेने मांसात रुतलंय का, तळव्याला कुरूप आहे का, नखाचा रंग पिवळट होऊन ते जाड झालंय का. लग्न झालेल्या बायकांच्या पायांत जोडवी असतात, आणि पुष्कळ जणी ती काढत नाहीत. मी काढायला लावत नाही, पण जोडवं हलक्या हाताने वर सरकवून त्याखालची कातडी बघते. वर्षानुवर्षं तिथे साबण आणि ओल साचत राहते, आणि बऱ्याच वेळा कातडी पांढरी पडून सोललेली असते. सगळं संपल्यावर जोडव्याखालची जागा टॉवेलच्या टोकाने कोरडी करायची, हे मी माझ्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. या तपासणीला पाच-सात मिनिटं जातात. घाईत सगळ्यात आधी हीच सोडली जाते, कारण तपासणीचे कुणी पैसे देत नाही.

मग पाय कोमट पाण्यात, दहा मिनिटं. त्याहून जास्त वेळ ठेवण्यात शहाणपण नाही, कातडी सुरकुतते आणि नंतर आणखी कोरडी पडते. पायांची नखं सरळ रेषेत कापायची. कोपरे गोल करत आत गेलं की नख वाढताना मांसात रुततं. टाचांना वजरी किंवा फाइल लावायची, पण ब्लेड नाही. टाचेची जाड कातडी ब्लेडने तासून काढली की त्या दिवशी टाच लोण्यासारखी मऊ लागते, बाई खूश होऊन जाते. मात्र पाते जरा खोल गेलं तर जखम होते, आणि ती नेमकी चालताना जमिनीला टेकणाऱ्या जागी. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सलूनमध्ये हे ब्लेड वापरायला बंदी आहे. आपल्याकडे ते कोणत्याही कॉस्मेटिकच्या दुकानात मिळतं आणि सर्रास चालतं.

स्क्रब, मालिश, पाय पुसणं आणि पायांच्या नखांना पॉलिश, हे सगळं झालं की मी उठते. हात साबणाने धुते, टॉवेल बदलते, पायांची साधनं उचलून धुवायच्या ट्रेमध्ये टाकते आणि हातांचा वेगळा संच काढते. पायाचा निपर (नखाकडची कातडी कापायची छोटी पक्कड), पुशर (ती मागे सारायची चपटी काडी), फाइल (नखं घासायची कानस) यातलं काहीही हाताच्या नखाला लागता कामा नये. पायाच्या नखांत बुरशीचा संसर्ग हातांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि पुष्कळदा नख थोडं पिवळं दिसण्यापलीकडे त्याची काही तक्रारही नसते. त्याच फाइलने लगेच हाताची नखं घासली तर आपणच तो पायावरून हातावर नेऊन ठेवतो. बाई तीच असली तरी संच दोन लागतात, हे पुष्कळ पार्लरवाल्यांनाही माहीत नसतं.

पाय आधी घेण्याचं दुसरं कारण अगदी व्यवहारातलं आहे. पायांचं पॉलिश वाळायला वेळ लागतो आणि हातांच्या पाऊण तासात ते आपोआप वाळतं. हातांचं पॉलिश सगळ्यात शेवटी. ते लावण्याआधी मी पैसे घेते, पर्समधून गाडीची किल्ली काढून ठेवायला सांगते, ओढणी किंवा पदर नीट करून घ्यायला लावते, पुढून उघड्या चपला पायांत सरकवते. नव्या मुलींना हे आधी विचित्र वाटतं, ग्राहकाला जायची घाई लावल्यासारखं. पण ओल्या नखांनी पर्सची चेन ओढल्यावर काय होतं ते एकदा बघितलं की पटतं.

हातांना पाण्यात तीन-चार मिनिटं पुरतात. नख पाणी शोषून किंचित फुगतं आणि वाळलं की आकसतं. म्हणून फार भिजलेल्या नखावर लावलेलं पॉलिश दोन दिवसांत टवके उडून निघतं. आकारही भिजवण्याआधीच द्यायचा, ओलं नख घासताना फाटतं. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असते ती पातळ कातडी, मी कापत नाही. ती मऊ करून मागे सारते आणि सुटलेला मेलेला तुकडा असेल तेवढाच उचलते. ती कातडी नख आणि मांस यांच्यामधली फट बंद करून ठेवते. ती कापली की जंतूंना दार उघडं. चार दिवसांनी बोट सुजून ठणकायला लागतं, नखुरडं होतं. बाई भाकरी थापताना कळवळते, आणि त्याचा पार्लरशी संबंध असेल हे तिच्या डोक्यातही येत नाही.

आता ४५ मिनिटांचं सांगते. माझ्याकडची एक मुलगी आधी एका मोठ्या, एसी असलेल्या सलूनमध्ये कामाला होती. तिथे दर ४५ मिनिटांनी नवीन नाव लागायचं आणि दोन नावांच्या मध्ये मोकळी जागा ठेवलेलीच नसायची. पगार कमी आणि बाकी कमिशनवर, त्यामुळे एक ग्राहक सोडला तर घरी तेवढे पैसे कमी. ती सांगते की निपर आणि पुशर ओल्या टिश्यूने पुसायचे आणि निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवायचे. पुढची बाई बसली की तेच बाहेर काढायचे. टबमधलं पाणी ओतून लगेच दुसरं भरायचं. मी त्या मुलींना दोष देत नाही. वेळापत्रक लावणाऱ्याने धुण्याला वेळच ठेवलेला नाही, तर ती बिचारी धुणार कधी?

त्या निळ्या पेटीवर बायकांचा फार विश्वास आहे. “त्यांच्याकडे स्टरिलायझर आहे, तुमच्याकडे नाही का?” असं मला विचारतात. त्या पेटीतल्या अतिनील प्रकाशाचा परिणाम तो जिथे थेट पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर होतो. निपरच्या सांध्यात, पुशरच्या खालच्या बाजूला किंवा साधनाला चिकटलेल्या कातडीच्या कणाखाली तो पोचत नाही. आधीच स्वच्छ केलेली साधनं झाकून ठेवायला ती पेटी ठीक आहे. न धुतलेलं साधन तिच्यात ठेवलं तर ते न धुतलेलंच बाहेर येतं.

खरं काम ब्रश, साबण आणि पाण्याचं आहे. आधी घासून धुवायचं, कारण मळ आणि तेल असेल तर कोणतंही जंतुनाशक आतपर्यंत जात नाही. मग कोरडं करून जंतुनाशक द्रावणात पूर्ण बुडवायचं, आणि बाटलीवर जितकी मिनिटं लिहिली आहेत तितकी मिनिटं ठेवायचं, बहुतेक वेळा दहा. अल्कोहोल वापरायचं तर ७० टक्क्यांचं. ९९ टक्क्यांचं जास्त जहाल म्हणून जास्त चांगलं, असं दुकानदारसुद्धा सांगतात, पण जंतू मारायला त्यात थोडं पाणी लागतंच, शिवाय ते फार लवकर उडून जातं. ज्या साधनाला रक्त लागण्याची शक्यता असते, ते सगळ्यात बरं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. गेल्या काही वर्षांत लहान ऑटोक्लेव्ह मिळू लागले आहेत, मी हप्त्यांवर घेतला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर कोरड्या जागेवर निदान सात दिवस टिकू शकतो, हे मला मिरजेला नर्सिंग शिकलेल्या भाचीने सांगितलं आणि त्यानंतर मला दुसरा मार्ग उरला नाही. निपरने निघालेला रक्ताचा थेंब डोळ्यांना दिसेल एवढा मोठा असायचीही गरज नसते.

लाकडी काडी, कागदी फाइल, बफर, दगडी वजरी या वस्तू तर निर्जंतुक होतच नाहीत. त्यांच्या छिद्रांत पाणी आणि मळ मुरतो. त्या एक तर टाकून द्यायच्या, नाहीतर ज्या बाईला वापरल्या तिलाच द्यायच्या. माझ्या नेहमीच्या बायकांच्या नावाच्या कापडी पिशव्या मी शिवून घेतल्या आहेत. ज्यांना घरी न्यायची त्या नेतात आणि येताना आणतात. पूर्वी घरातल्या न्हाणीत एकच वजरी सगळ्यांना चालायची, मला आठवतं. पण तिथे घरातली चार माणसं होती, इथे दिवसाला अनोळखी पाय येतात.

बुडबुड्यांच्या, पाणी फिरवणाऱ्या टबचं एक उदाहरण मला भाचीने शोधून दिलं, ते इथे सांगितलंच पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावात २००० साली एकाच नेल सलूनमध्ये पेडिक्युअर केलेल्या शंभराहून जास्त ग्राहकांच्या पोटऱ्यांवर गळवं उठली. ती महिनोन्महिने बरी होईनात, आणि बऱ्या झाल्यावरही डाग राहिले. शोध घेतला तेव्हा टबमधलं पाणी ओढून घेणाऱ्या जाळीच्या मागे केस आणि कातडीचा गाळ साचलेला सापडला आणि त्यात मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम नावाचा जंतू वाढत होता. पाणी रोज बदललं जात होतं, जाळीमागचा गाळ मात्र कुणी काढला नव्हता. त्यानंतर त्या राज्याने टब कसा धुवायचा याचे नियम केले आणि धुतल्याची नोंदवही ठेवणं बंधनकारक केलं. मी साधा स्टीलचा टब वापरते. त्याला ना नळी ना जाळी, घासला की तळ दिसतो. फोटोत तो छान दिसत नाही, हे मला मान्य आहे.

त्याच तपासात आणखी एक गोष्ट निघाली होती. ज्या बायकांनी पेडिक्युअरच्या आधी पायांवरून रेझर फिरवला होता, त्यांना गळवं होण्याचं प्रमाण जास्त होतं. रेझरने किंवा वॅक्सने केस काढले की कातडीला बारीक बारीक इजा होतात आणि केसांची मुळं उघडी पडतात. आणि आपल्याकडचं लोकप्रिय पॅकेज काय असतं? ‘फुल लेग वॅक्स अधिक पेडिक्युअर’, तेही याच क्रमाने, एकाच तासात. वॅक्स झालेला पाय लगेच टबमध्ये जातो. मी वॅक्सनंतर निदान एक दिवस मध्ये ठेवायला सांगते. यामुळे माझे ग्राहक तुटतात. तुटोत.

मधुमेहाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे माझ्या खुर्चीत रोज कुणी ना कुणी शुगरची बाई बसतेच, विचारलं तर सांगते, न विचारलं तर नाही. अलीकडे लेकी-सुना आईला, सासूला वाढदिवसाला पेडिक्युअरचं कूपन देतात. मला ते फार आवडतं. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांना तेल लावलं, तिचे पाय कुणीतरी मांडीवर घ्यावेत, हे व्हायलाच हवं. पण जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असते. पाणी जास्त गरम असलं तरी तिला कळत नाही, म्हणून मी आधी स्वतःचं कोपर बुडवून बघते. एक निवृत्त शिक्षिका अशाच लेकीबरोबर आल्या होत्या. करंगळीखाली एक जखम होती, चांगली खोल, आणि त्यांना तिचा पत्ताच नव्हता. चपलेत अडकलेल्या खड्याने ती झाली असावी. मी पाय पाण्यात घातलेच नाहीत. हातांचं सगळं नीट केलं आणि लेकीला सांगितलं, इथून सरळ डॉक्टरांकडे जा. काकूंना आधी वाईट वाटलं, पण त्या गेल्या. पंचेचाळीस मिनिटांच्या घाईत तो पाय थेट साबणाच्या पाण्यात गेला असता, आणि वर कुणीतरी तिथे स्क्रब चोळला असता.

मधुमेह असेल तर कुरूप कापायचं नाही, क्युटिकलला निपर लावायचा नाही, बोटांच्या मध्ये क्रीम ठेवायचं नाही, पाय जास्त वेळ भिजवायचे नाहीत. नखं कापणं, हलकी मालिश, टाचांना क्रीम आणि पॉलिश एवढं आनंदाने करता येतं, आणि बाई तेवढ्यावरही फार समाधानी होते. जखम किंवा जाड झालेलं नख डॉक्टरांनी बघायचं असतं.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरल्यावर गावभागातल्या, नदीकाठच्या पुष्कळ जणी माझ्याकडे आल्या होत्या. घरातला चिखल उपसून पाय फुगलेले, बेचक्या सोललेल्या, काहींच्या तळव्यांत पत्रा नाहीतर काच लागलेली. “ताई, पाय स्वच्छ करून दे गं” म्हणत होत्या. मी त्यांना बसवलं, चहा दिला, हात केले आणि पायांसाठी दवाखान्यात पाठवलं. उघड्या जखमेचा पाय टबमध्ये घेणं त्या बाईसाठी वाईट आणि तिच्यानंतर बसणारीसाठीही. त्या महिन्यात मला पैशांची अतिशय गरज होती, सगळ्या सांगलीलाच होती, पण हा नियम मी मोडला नाही.

नवरीच्या क्रमाबद्दलही चार ओळी, कारण पॅकेजच्या पानांवर तो हमखास चुकीचा छापलेला असतो. मेंदीनंतर मॅनिक्युअर-पेडिक्युअर ठेवलं की स्क्रबने मेंदीचा रंग उतरतो. मेंदीच्या अगदी थोडा वेळ आधी ठेवलं तर मालिशचं तेल कातडीवर राहतं आणि मेंदी चढत नाही. म्हणून मेंदीच्या निदान एक दिवस आधी हातपाय करायचे. चुडा त्यानंतर भरायचा, म्हणजे भिजवताना बांगड्यांची काळजी नको. हळद लागणार म्हणून नवरीच्या नखांवर फिकट पॉलिश लावू नका, ते पिवळं पडतं. आणि पॅकेजबरोबर ‘जेल पॉलिश रिमूव्हल मोफत’ असेल तर विचारा, ते किती वेळात करणार? जेल, म्हणजे दिव्याखाली घट्ट केलेलं पॉलिश, ॲसिटोनमध्ये (पॉलिश काढायच्या द्रवात) दहा-पंधरा मिनिटं मऊ करून काढावं लागतं. घाईत खरवडलं की नखाचा वरचा थर त्याबरोबर निघतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहा महिने, आणि पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. लग्नासाठी केलेली घाई पुढच्या दिवाळीपर्यंत बोटांवर दिसत राहते. जेलविषयी आणखी एक. काही जेल पॉलिशमध्ये वापरलं जाणारं टीपीओ नावाचं रसायन युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंद केलं. आपल्या बाजारात बाटलीवर घटक नीट लिहिलेले नसतात. ज्या बाटलीवर ते लिहिलेले नाहीत ती मी आणत नाही.

काम करणाऱ्या मुलींचाही यात जीव आहे. पेडिक्युअर करणारी बुटक्या स्टुलावर पाठ वाकवून बसते. दिवसभर हात पाण्यात, वर ॲसिटोनचा वास. लागोपाठ नावं लावली तर ती पाठ सरळ कधी करणार आणि पाणी कधी पिणार? माझ्या दोन्ही मुलींच्या बोटांची कातडी सोलवटायची, आता हातमोजे सक्तीचे केले आणि मध्ये धुण्याचा वेळ ठेवला तसं ते कमी झालं. दोन मुलींनी एकाच वेळी, एकीने हात आणि एकीने पाय, असं केलं तर वेळ वाचतो आणि ते चुकीचंही नाही. अट एवढीच की साधनं आणि टॉवेल दोघींचे वेगळे हवेत आणि मागून धुण्याच्या मिनिटांना कात्री लागता कामा नये.

आपल्या राज्यात माझ्यासारख्या थोड्या माणसांच्या दुकानाला शॉप ॲक्टखाली, म्हणजे दुकानांच्या नोंदणीच्या कायद्याखाली, ऑनलाइन सूचना दिली की झालं, काम येतं की नाही हे कुणी विचारत नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्यात साधनांची स्वच्छता शिकवतात. मात्र शिकलेली मुलगी दुकानात गेल्यावर तिला ती स्वच्छता करायला वेळ दिला जातो का, हे बघणारं कुणी नाही. महापालिकेचा आरोग्य विभाग हॉटेलचं स्वयंपाकघर तपासतो, तसा वर्षातून एकदा पार्लरचा टब आणि साधनांचा डबाही तपासावा. तपासायला माझ्याकडून सुरुवात केली तरी चालेल. टब आणि साधनं धुतल्याची वही माझ्या काउंटरवर ठेवलेली असते, तारीख आणि वेळ घालून.

ग्राहक बायकांना माझं सांगणं आहे की विचारायला लाजू नका. हातांना आणि पायांना साधनं वेगळी आहेत का? माझ्या आधीच्या बाईनंतर ती कशाने धुतली आणि किती वेळ बुडवून ठेवली? फाइल नवी आहे का? टब माझ्यासमोर घासाल का? क्युटिकल कापू नका असं म्हटलं तर चालेल का? चांगली पार्लरवाली या प्रश्नांवर रागावत नाही. मला तर ते कुणी विचारलं की बरं वाटतं. शुगर असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, पायाला जखम असेल तर तुम्ही स्वतःहून सांगा. कॉम्बोत वाचलेले दोनशे-तीनशे रुपये एका नखुरड्याच्या औषधाला पुरत नाहीत. माझा दोन्हींचा मिळून दर नऊशे रुपये आहे, जाहिरातीतल्या कॉम्बोपेक्षा जास्त. त्यातला मोठा भाग धुण्याचा आणि टाकून द्यायच्या वस्तूंचा आहे. महाग वाटत असेल तर नुसतं नखं कापून आणि टाचा घासून जा, तेही मी करते, पण अर्धवट धुतलेल्या साधनांनी दोन्ही करून देणार नाही.

आणि संपादक महाशय, आपल्याला एक विनंती. पुढच्या आठवड्यात लग्नाच्या पॅकेजचं पान निघेल तेव्हा दराच्या शेजारी वेळही छापा, आणि ‘४५ मिनिटांत’ असं लिहून देणाऱ्या जाहिरातदाराला त्या ४५ मिनिटांत साधनं धुण्याची मिनिटं धरली आहेत का, एवढं आपल्या जाहिरात विभागाने फोनवर विचारावं.

आपली नम्र,
एक पार्लरचालक, विश्रामबाग, सांगली